जुळलेले काटे

माझ्या धाकट्या भावाला मी आयुष्यभर सांगत आले, खाली वाकू नकोस, पडशील. तो आयुष्यभर वाकत आला आणि एकदाही पडला नाही. त्यामुळे माझ्या सांगण्याची किंमत त्याच्या लेखी शून्य. घरात तो ढब्बू, कामावर मुकादम. त्या महिन्यात तो सहा माणसं घेऊन धरणाच्या पायथ्याशी दोन पुरुष खोल चरात उतरत होता, आणि उतरायची परवानगी रोज सकाळी त्याला लिहून देणारी मी होते.

आमचं धरण मातीचं आहे. मातीत पाणी मुरतं, ते मुरणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मुरलेलं पाणी बाहेर काढायला पायथ्याशी नाला असतो. तो नाला गाळाने बुजला होता, म्हणून चर खणून नवा पाइप टाकायचं काम निघालं. पण पायथा खणायचा म्हणजे धरणाच्या पायाखालची माती काढायची. आत मुरलेल्या पाण्याचा दाब कमी असेल तर काही होत नाही. जास्त असेल तर चराचा तळ खालून फुगतो, मग बाजूची माती सुटते, आणि आत असलेल्या माणसाला वर यायला वेळ मिळत नाही. म्हणून नियम असा की सकाळी आठला मी नवव्या जोडीचे काटे बघायचे, काटा चौदाच्या लाल खुणेखाली असेल तर चिठ्ठीवर आकडा घालून सही करायची, आणि ती चिठ्ठी हातात पडल्याशिवाय मुकादमाने शिडीला पाय लावायचा नाही.

नववी जोडी म्हणजे दोन बारीक नळ्या. धरणाच्या पोटात, चराच्या वरच्या अंगाला, त्यांचं तोंड पुरलेलं आहे. तिथून त्या थोड्या वर चढतात आणि मग लांबवर उतरत दरीच्या तळाशी माझ्या गेजखोलीत येतात. नळ्या पाण्याने भरलेल्या असतात, पोटातला दाब त्या पाण्यातून थेट काट्यापर्यंत पोचतो. दोन नळ्या कशाला? तर एकीत हवा शिरली की तिचा काटा खोटं बोलायला लागतो. उतरत्या नळीत हवेचा बुडबुडा बसला की तेवढ्या उंचीचं पाणी कमी, आणि काटा तेवढा खाली. मग दोन काट्यांत भांडण लागतं आणि आपल्याला कळतं, कुठेतरी हवा आहे. मला हे काम शिकवणारे मोजणीकाका म्हणायचे, नवरा-बायको वेगवेगळं सांगायला लागले की समजावं, घरात काहीतरी झालंय.

ते गेल्यावर मी भिंतीवर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: दोन काटे जुळले तर खरं. नाही जुळले तर हवा. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी भिंत वाचायला लावते. मोठे साहेब बदलून आले तेव्हा त्यांनासुद्धा वाचायला लावली होती.

त्या दिवशी, चराच्या कामाच्या अकराव्या दिवशी, दोन्ही काटे साडेअकरावर होते. एकाच जागी, केसाचा फरक नाही. मी चिठ्ठी लिहिली, ढब्बू ती न्यायला आला.

"ताई, दाब किती?"

"साडेअकरा."

"धरणाचा नाही, तुझा."

"चल नीघ," मी म्हटलं. "आणि तळाला वाकून बसू नकोस. काम उभ्याने होत नाही का?"

"झोपून करतो," म्हणाला, आणि चिठ्ठी खिशात कोंबून गेला. पन्नाशी आली तरी पोरकटपणा जात नाही. भावजय म्हणते, वन्सं, तुमच्याशीच असं बोलतात हो, घरी तर तोंडातून शब्द निघत नाही.

पावणेअकराला मी रक्तदाबाची गोळी घेते. डॉक्टरांनी सांगितलंय रोज एकाच वेळी, आणि मी कुठलीही गोष्ट एकाच वेळी करणारी बाई आहे. पिण्याच्या पाण्याचा माठ बाहेर व्हरांड्यात असतो. त्या दिवशी गुडघा ठणकत होता, कोण जातंय व्हरांड्यात, म्हणून मी नळ्या धुवायच्या टाकीचा कॉक सोडला आणि काचेचा ग्लास भरला.

आता ही टाकी म्हणजे काय ते सांगते. साध्या पाण्यात हवा विरघळलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. असलं पाणी नळ्यांत घातलं तर नळी जिथे वर चढते तिथे दाब कमी होतो आणि ती हवा हळूहळू बाहेर पडून बुडबुडे धरते. म्हणून नळ्या धुवायचं पाणी आधी बंद टाकीत घालून वरून पंपाने हवा ओढून काढायची. मोजणीकाका त्याला मेलेलं पाणी म्हणायचे. चवीला अगदी मिळमिळीत, शिळ्यासारखं. मी आठवड्यातून एकदा संध्याकाळी टाकी भरून पंप चालवते, रात्रभर पाणी तसंच राहतं, आणि सकाळी त्या पाण्याने नळ्या धुते. गेली तेवीस वर्षं, चुकवलेलं नाही.

गोळी घेतली, अर्धा ग्लास खिडकीत ठेवला आणि वहीत आकडे उतरवत बसले. खिडकीत ऊन होतं. वीसेक मिनिटांनी मान वर केली तर ग्लासच्या आतल्या बाजूला सगळीकडे बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले.

मी बघतच राहिले. मेलेल्या पाण्याला बुडबुडे येत नाहीत. ऊन लागलं तरी येत नाहीत, दिवसभर ठेवा, नाहीतच येत. मोजणीकाकांची हीच तर परीक्षा होती. टाकी भरली की ग्लासभर पाणी खिडकीत ठेवायचे आणि ते स्वच्छ राहिलं तरच नळ्यांना हात लावायचे. मग टाकीवर हवा किती ओढली ते दाखवणारं छोटं गेज बसलं, आणि मी ग्लास ठेवणं बंद केलं. गेज असताना ग्लास कशाला? मीच म्हटलं होतं तसं.

पाणी मेलेलं नव्हतं. म्हणजे गेल्या धुण्याला मी नळ्यांत हवा काढलेलं पाणी घातलंच नव्हतं, हवेचं पाणी घातलं होतं. एका नळीतून आत, दुसरीतून बाहेर, दोन्हींत तेच. मग दोन्हींत सारखेच बुडबुडे, दोन्ही काटे सारखेच खाली. जुळलेले. मी ज्याच्यावर डोळे मिटून सही करत होते तो साडेअकरा खरा कितीचा होता, ते कुणालाच माहीत नव्हतं.

इथे मी जे केलं ते सांगायला जीभ जड होते, पण सांगते.

मी लगेच उठायला हवं होतं. फोन उचलायला हवा होता. मी म्हटलं, ग्लास मळका असेल.

खरंच असं म्हटलं, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. ग्लास नेला, राखेने घासला, तीनदा विसळला, कोरड्या फडक्याने पुसला, पुन्हा टाकीतून भरला आणि खिडकीत ठेवला. आणि समोर बसले. मला माहीत होतं. पहिल्या ग्लासलाच माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं असतं. तीन आठवड्यांपूर्वी टाकीच्या झाकणाचा वॉशर फाटला होता. भांडारात मागितला तर म्हणाले, पुढच्या महिन्यात. मी कशाला थांबतेय? सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने गोल कापला, बसवला, पंप चालवला, गेज छान दाखवत होतं. मी स्वतःवर खूश होऊन भांडारवाल्याला फोनवर ऐकवलंसुद्धा, तुमच्या भरवशावर बसलो तर धरण वाहून जाईल. त्या वॉशरने मी तीनदा टाकी भरली होती, तीनदा नळ्या धुतल्या होत्या. पंप चालू असताना गेज छान दाखवणारच, पंप ओढत असतो ना. पंप बंद झाल्यावर रात्रभर काय होत असेल, हे बघायला मी कधी थांबले नव्हते.

मी तिथे वीस मिनिटं बसले. घड्याळाकडे बघत, ग्लासकडे बघत. डोक्यात सारखं एकच चाललं होतं, ते सात जण खाली आहेत, आणि त्याच्याच मागोमाग दुसरं, आत्ता ओरडत गेलीस आणि काही नसलं तर? तेवीस वर्षांत माझ्या आकड्याला कुणी बोट लावलेलं नाही. साहेब बदलले, आकडा नाही बदलला. लोक म्हणतात, बाई नाकावर माशी बसू देत नाही पण काम चोख. आणि ही चोख बाई आता जाऊन सांगणार की मी ट्यूब कापून लावली होती?

दुसऱ्या ग्लासला बुडबुडे आले. पहिल्यापेक्षा जास्त.

तरी मी आणखी एक केलं. पंप चालू केला, साबणाचं पाणी वाटीत फेसाळलं आणि झाकणाच्या कडेने फिरवलं. एका जागी फेस फुर्र करून आत ओढला गेला. माझ्याच कात्रीची तिरकी कड होती ती.

आता मात्र मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, चर रिकामा करायचा. नवव्या जोडीचा आकडा धरू नका."

साहेब माणूस चांगला, पण पायरी पायरीने चालणारा. "का? काटे जुळत नाहीत?"

"जुळतायत."

"मग?"

"जुळून खोटं बोलतायत."

साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्याच अक्षरात भिंतीवर लिहिलंय. दोन काटे जुळले तर खरं."

"ते अपुरं लिहिलंय," मी म्हटलं. "दोघांनाही एकच विष दिलं तर दोघं सारखेच लोळतात. पाण्यात हवा होती साहेब, टाकीचं झाकण गळतंय."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

मग साहेबांचा आवाज बदलला. "चिठ्ठी मागे घ्या. लेखी, कारणासकट, वेळ घालून. लेखी नसेल तर ठेकेदार ऐकणार नाही. मी निघालोच. चरावर कुणाचा फोन लागतोय का बघा."

लागत नव्हता. ढब्बू खाली उतरताना फोन सदऱ्यात ठेवतो आणि सदरा वर खांबाला अडकवतो. मी दोनदा लावला, दोन्ही वेळा वाजून वाजून बंद झाला. त्याचा सदरा तेवढा ऐकत होता.

चिठ्ठी मागे घ्यायचा वेगळा कागद असतो, गुलाबी. तेवीस वर्षांत मी तो सहा वेळा भरलाय आणि सहाही वेळा कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिलाय, हवा. हवा म्हटलं की कुणाचं काही जात नाही. हवा काय, कुठेही शिरते. त्या दिवशीही हात तोच शब्द लिहायला गेला. ह लिहिलाही. मग तो खोडला आणि लिहिलं, झाकणाचा वॉशर मी चुकीचा बसवला. वेळ, अकरा पन्नास. खाली सही. अक्षर माझं वाटत नव्हतं.

गेजखोलीपासून चरापर्यंत माझ्या चालीने पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी मी पळाले. त्रेपन्न वर्षांची, दुखरा गुडघा, हातात गुलाबी कागद आणि पायात चपला, त्यातली एक वाटेत तुटली. ती तिथेच सोडली. वरून ट्रॅक्टर घेऊन येणारा एक जण म्हणाला, "बाई, आग लागली का?" मी उत्तर द्यायला थांबले नाही. सारखी धरणाच्या उताराकडे बघत होते. गवत हिरवं, वर निळं आकाश, एक खार इकडून तिकडे गेली. इतकं शांत दिसत होतं की मला त्याचाच राग आला.

चराच्या काठावर पोचले. खाली सगळे जण होते. दोघं पाइप धरून, दोघं खडी पसरत, एक जण पाणी उपसायच्या पंपापाशी, एक शिडीजवळ. आणि ढब्बू अगदी तळाशी, गुडघ्यावर, वाकून पाइपाच्या सांध्याला लेव्हल लावत होता. वाकून.

"मुकादम," मी ओरडले, "सगळे वर या. ताबडतोब."

त्याने मान वर केली, मला अशा अवतारात बघितलं, एका पायात चप्पल, केस सुटलेले, आणि हसला. "ताई, दाब धरणाचा वाढलाय की तुझा? गोळी घेतलीस ना?"

सगळे हसले. त्यांचं काय चुकलं? मी रोज काहीतरी ओरडतच असते.

"चिठ्ठी मागे घेतलीय," मी कागद फडकावला. "नळीत हवा आहे."

"हवा ना? मग काढ की. तू हवा काढेपर्यंत हा सांधा बसवतो. अर्ध्या तासाचं काम आहे, असं सोडलं तर गाळ भरेल."

हे माझंच शिकवणं होतं. सहा वेळा मी हवा म्हणून कागद आणला होता, सहाही वेळा काटा उगाच वर-खाली झालेला निघाला होता, आणि सहाही वेळा मीच दुपारी सांगितलं होतं, काही नव्हतं रे, हवा होती, उतरा. हवा म्हणजे काही नाही, हे त्यांना मीच पाठ करून दिलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगणार की ही हवा वेगळी आहे?

"ढब्बू, वर ये. मी मोठी बहीण म्हणून सांगतेय."

"मोठी बहीण म्हणून तू मला गेल्या वर्षी मोटरसायकल चालवू नको म्हणून सांगितलं होतंस."

पुन्हा हसले. पंपाजवळच्या माणसाने तर पाठ फिरवून कामाला सुरुवातही केली. आणि मला काठावरून दिसत होतं, पंपाच्या पाइपातून येणारं पाणी. सकाळी ते नितळ असायचं. आता जरा गढूळ होतं. जरासंच. चहा फार पातळ केल्यासारखं.

आमच्या घरात एक आरसा होता. मी पंधरा वर्षांची, ढब्बू बारा. वेणी घालताना माझ्या हातून तो पडला आणि फुटला. आई आली, तिने विचारलं, मी म्हटलं ढब्बू चेंडू खेळत होता. त्याने मार खाल्ला. आजही घरात चार माणसं जमली की तो विचारतो, ताई, आरसा कुणी फोडला? आणि आजही मी म्हणते, आपोआप पडला. सगळे हसतात. अडतीस वर्षं हा खेळ चाललाय. माझ्या लग्नात त्याने माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, भावोजी, हिच्या तोंडून माझं चुकलं हे दोन शब्द ऐकलेत तर मला कळवा, मी जिथे असेन तिथून पेढे घेऊन येईन.

मी चराच्या कडेला बसले. आणि खाली बघून म्हटलं, "ढब्बू, माझं चुकलं."

मोठ्याने नाही म्हटलं. पण त्याने ऐकलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने लेव्हल खाली ठेवली नाही, ती हातातून सुटली. "काय म्हणालीस?"

"माझं चुकलं. वॉशर मी चुकीचा बसवला. अकरा दिवस आकडा खोटा होता. खरा किती आहे मला माहीत नाही."

तो वळून असा ओरडला की मी त्याचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "चला रे! सगळे वर! हत्यारं राहू द्या, पंप राहू दे, आधी शिडी!"

कुणी काही विचारलं नाही. एकामागून एक वर आले. मी मोजत होते. एक, दोन, तीन. चौथ्याचा पाय शिडीवरून सटकला, पण त्याने दांडी धरली होती. पाच. सहा. ढब्बू शेवटी. मुकादम शेवटीच येतो, हे मला माहीत होतं, तरी मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तो काठावर आला तेव्हा मी त्याच्या दंडाला धरलं ते साहेबांची जीप येईपर्यंत सोडलं नाही.

साहेब आले, त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं. सगळे काठापासून लांब उभे राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही झालं नाही. चर तसाच. पाइप तसाच, लेव्हल तशीच पडलेली. माझ्या मनात काय आलं सांगू? लाज वाटते. मनात आलं, काहीतरी होऊ दे. निदान थोडंसं. नाहीतर हे सगळे मला वेडी म्हणतील. आणि लगेच दुसऱ्या मनाने म्हटलं, जीभ झडो तुझी, काही न होवो.

साडेबाराच्या सुमाराला ढब्बू म्हणाला, "साहेब, ते बघा."

तळाशी, तो जिथे गुडघे टेकून बसला होता तिथून हातभर अंतरावर, वाळू हलत होती. तळहाताएवढी जागा. भांड्यात पाणी उकळायला लागतं तशी ती वाळू खालून वर येत होती आणि बाजूला पडत होती. मग तिच्या शेजारी दुसरी. मग तळ थोडा फुगला, पाइपाचा सांधा उचलला गेला आणि एका बाजूची माती शिडीसकट खाली बसली. फार आवाजही झाला नाही. शिडी अर्धी गाडली गेली.

पंपाजवळच्या माणसाने कानाला हात लावले. बाकी कुणी हललं नाही. मग साहेबांना आधी जाग आली. "खडी! वरून खडी टाका, सगळी!" आणि मग धावपळ. ट्रॅक्टर आला, खडीचे ढीग लोटले, लोकांनी काठापासून लांब राहून, जमेल तसं, घमेल्यांनीसुद्धा टाकली. खडीच्या वजनाने तळ दबतो आणि पाणी वाळू ओढून न नेता खडीच्या फटींतून निघून जातं. चार वाजेपर्यंत चर अर्धा भरला. बाहेर येणारं पाणी आधी कमी गढूळ झालं, मग नितळ. तेव्हा साहेब पहिल्यांदा खाली बसले. आणि मला म्हणाले, "बाई, उद्या ती भिंत रंगवून घ्या."

मी गेजखोलीत परत आले. ढब्बू माझ्याबरोबर आला, चप्पल घेऊन. वाटेत सापडली म्हणे. भांडारवाल्याने वॉशर पाठवला होता, अर्ध्या तासात, ज्याला पुढचा महिना लागणार होता. मी तो बसवला, ढब्बूने झाकण धरलं, पंप चालवला, बंद केला आणि टाकीच्या गेजसमोर बसले. काटा जागचा हलला नाही. मग ग्लास भरून खिडकीत ठेवला. ऊन कलंडलं होतं, तरी होतं. पाणी स्वच्छ राहिलं. मग त्या पाण्याने नववी जोडी धुतली. दाब पूर्ण स्थिरायला रात्र लागते, पण धुऊन झाल्या झाल्याच दोन्ही काटे उठायला लागले. बारा. तेरा. आम्ही दोघं बघत होतो. चौदाची लाल खूण ओलांडली आणि तरी चढतच होते.

"अकरा दिवस," मी म्हटलं.

ढब्बूने खिशात हात घातला आणि कागदांची एक गड्डी काढून टेबलावर ठेवली. माझ्या चिठ्ठ्या. सगळ्या अकरा. घामाने मऊ झालेल्या, घड्या पडलेल्या. नियमाप्रमाणे संध्याकाळी त्या फाडून टाकायच्या असतात.

"या कशाला ठेवल्यास?"

"पोरांना दाखवायला. कुणी घाबरलं की दाखवायचो. बघा, ताईची सही आहे. ती मला फुटपाथवरून खाली उतरू देत नाही, ती इथे सही करतेय म्हणजे काय ते समजा." तो हसायला गेला, ते काही जमलं नाही.

मला रडू आलं. पण रडण्याआधी सांगायचं होतं, कारण रडले असते तर राहूनच गेलं असतं.

"ढब्बू, मला अकरा पाचलाच कळलं होतं. ग्लासला बुडबुडे आले तेव्हाच. कागदावर अकरा पन्नास आहे. मधली पंचेचाळीस मिनिटं मी इथे बसून होते. ग्लास घासत. माझं नाव खराब होईल म्हणून."

तो काट्याकडे बघत राहिला. बाहेर ट्रॅक्टर बंद झाला. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही, त्याच्या हातांकडे बघितलं. नखांत वाळू होती.

"आरशाला अडतीस वर्षं झाली," शेवटी तो म्हणाला, "अजून नाही. हे पंचेचाळीस मिनिटांत. बरीच सुधारणा आहे की."

"आरसा मीच फोडला होता," मी म्हटलं.

"माहीत आहे."

तो उठला, जेवणाचा डबा उचलला. न उघडलेला, तसाच. जायला निघाला आणि दारात थांबून डब्याची सुटलेली कडी लावायला लागला. एकदा लावली, सुटली. दुसऱ्यांदा लावली, सुटली. रोजचीच कडी, आज खोबणीत बसतच नव्हती. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि लावतच होता. मी उठून गेले, डबा त्याच्या हातातून घेतला आणि कडी लावून दिली.